एडिसन आणि दीर्घायुषी विद्युत घट

विजेचा दिवा, ध्वनिलेखन यंत्र आणि चलच्चित्रपट यांच्या इतिहासात थॉमस अल्वा एडिसन याचे नाव अग्रभागी आहे. त्याच्या बालपणीच्या गोष्टी आपल्यापैकी बहुतेकांनी क्रमिक पुस्तकांतून वाचलेल्या असतात. परंतु ज्या एका शोधापायी त्याने आपल्या प्रौढ वयातील जवळजवळ दहा वर्षे वेचली, त्या शोधाची हकीकत सहसा कोणी सांगत नाही. तो शोध म्हणजे पुन्हा पुन्हा भारित करता येणारा, लोखंड आणि निकेल यांचा विद्युत घट होय.

विद्यार्थिमित्रहो, एडिसनचे चरित्र आम्ही येथे या घटाच्या अंगाने सांगणार आहोत, आणि त्याला कारणही तसेच आहे. आज सुताराच्या, गवंड्याच्या आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्याच्या हाती बॅटरीवर चालणारी हत्यारे आली आहेत. काही वर्षांनी अशा हत्याराची बॅटरी थकते. त्याची मोटर ठणठणीत असते, दंतचक्रे झिजलेली नसतात, मूठही शाबूत असते. परंतु उत्पादकाने तो नमुना बनविणे बंद केलेले असते आणि त्याला बसणारी बॅटरी बाजारात मिळेनाशी होते. मग एका भागापायी सबंध हत्यार भंगारात जाते. हातावर पोट असणाऱ्या कारागिराला ही हानी लहान नसते. यंत्राने आपल्या घटाबरोबरच मरावे काय, हा प्रश्न मात्र नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एडिसनने तो वेगळ्या रूपात हाती घेतला होता.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या लहानशा गावी झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो सात वर्षांचा असताना हे कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्युरॉन येथे राहावयास गेले. शाळेत तो काही महिनेच टिकला. त्याची आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच शिकविले आणि पुस्तकांची गोडी लावली. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या मार्गावरील आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने आपली छोटी प्रयोगशाळा थाटली होती आणि तेथेच तो एक लहानसे साप्ताहिकही छापीत असे. लहानपणापासून त्याला कमी ऐकू येत असे. पुढे हा बहिरेपणा वाढतच गेला.

१८६२ साली माउंट क्लेमेन्स येथील स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने गाडीखाली सापडण्यापासून वाचविले. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारायंत्राचे काम शिकविले, आणि एडिसनच्या आयुष्याला निराळी दिशा लागली. त्या काळी घरोघरी वीज नव्हती. तारायंत्रे घटांवर चालत. संदेश पाठविणे जितके महत्त्वाचे, तितकेच घटांची निगा राखणे महत्त्वाचे असे. धातूच्या पट्ट्या, आम्ल, जस्त आणि तांबे यांच्याशी त्याचा परिचय झाला तो तेथे. लुईव्हिल शहरात रात्रपाळीचे काम करीत असताना तो फावल्या वेळात घटांवर प्रयोग करी. एके रात्री गंधकाम्ल सांडले, फळ्यांच्या फटींतून खाली झिरपले आणि खालच्या मजल्यावरील वरिष्ठाच्या मेजावर जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आम्लाचे आणि त्याचे सख्य असे पहिल्यापासूनच बेताचे होते!

पुढील वीस वर्षांची हकीकत सर्वश्रुत आहे. १८७६ साली न्यू जर्सी राज्यातील मेन्लो पार्क येथे त्याने प्रयोगशाळा उभारली. १८७७ साली ध्वनिलेखन यंत्र सिद्ध झाले. १८७९ साली टिकाऊ विजेचा दिवा लागला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील वीजकेंद्र सुरू झाले. १८८७ साली तो वेस्ट ऑरेंज येथील नव्या आणि विस्तीर्ण प्रयोगशाळेत आला. एकट्या अमेरिकेत त्याच्या नावावर अखेरपर्यंत १,०९३ पेटंटे जमा झाली. परंतु यशाच्या या यादीमागे अपयशाचीही एक यादी होती. १८९० नंतरच्या दशकात त्याने न्यू जर्सीच्या डोंगराळ भागात लोखंडाचे हलके खनिज चुंबकाच्या साह्याने वेगळे काढण्याचा प्रचंड कारखाना उभारला. तेवढ्यात दुसरीकडे उत्तम प्रतीचे खनिज स्वस्तात मिळू लागले आणि हा कारखाना बंद करावा लागला. एडिसनची बहुतेक संपत्ती त्यात बुडाली. त्या वेळी त्याने पन्नाशी ओलांडली होती. दुसरा कोणी असता तर स्वस्थ बसला असता. एडिसनने नवे काम शोधले.

ते काम समजण्यासाठी त्या वेळच्या रस्त्यांकडे पाहिले पाहिजे. १९०० सालच्या सुमारास अमेरिकेत घोड्यांच्या बरोबरीने तीन प्रकारच्या मोटारी धावू लागल्या होत्या : वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या. विजेची गाडी शांत, स्वच्छ आणि चालविण्यास सोपी होती. तिचे दुखणे एकच, ते म्हणजे तिचा घट. हा घट शिशाचा असे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली तो शोधून काढला होता. शिशाच्या पट्ट्या विरल गंधकाम्लात बुडवून त्यांतून वीजप्रवाह सोडला की त्या भारित होतात, आणि नंतर तीच वीज परत देतात. पुन्हा भारित करता येणारा हा पहिला घट. त्याचे गुण पुष्कळ. पण तो अतिशय जड, त्यातील आम्ल दाहक, आणि रस्त्याचे धक्के बसले म्हणजे पट्ट्यांवरील लेप सुटून तळाशी साचे. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत फार काळ ठेवला तर तो निकामी होई. गाडी धडधाकट राही आणि घट मरे. नवा संच घेणे म्हणजे मोठा खर्च.

एडिसनने निश्चय केला की, गाडीइतकाच टिकेल असा घट आपण बनवावयाचा. त्यासाठी आम्लाचाच त्याग करावयाचा आणि त्याच्या उलट गुणाचा, म्हणजे अल्कधर्मी द्रव घ्यावयाचा, असे त्याने ठरविले. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात लोखंड किंवा पोलाद गंजत नाही. म्हणून घटाचे भांडे काचेऐवजी वा रबराऐवजी पोलादाचे करता येते. अनेक धातू आणि त्यांची संयुगे पारखून त्याने शेवटी एका बाजूस लोखंड आणि दुसऱ्या बाजूस निकेलचे संयुग पसंत केले. त्याच सुमारास स्वीडन देशात वाल्डेमार युंगनर हा संशोधक स्वतंत्रपणे याच दिशेने चालला होता. त्याने १८९९ साली निकेल आणि कॅडमियम यांचा घट सिद्ध केला आणि लोखंडाचेही प्रयोग केले. पेटंटांवरून दोघांत वाद झाला. एडिसनच्या गौरवात युंगनरचे नाव लोपू नये, असे आम्हांस वाटते. त्याच्या कॅडमियमच्या घटाशी आपली गाठ याच लेखात पुढे पडणार आहे.

१९०१ साली एडिसनने घट बनविणारी स्वतंत्र कंपनी स्थापन केली, आणि एक-दोन वर्षांत नवा घट बाजारात आला. त्याची वाहवा झाली. सामान वाहणाऱ्या विजेच्या गाड्यांत तो बसविण्यात आला. आणि मग तक्रारी येऊ लागल्या. कित्येक डब्यांच्या सांध्यांतून दाहक द्रव पाझरू लागला. कित्येक घटांची शक्ती काही महिन्यांतच घटू लागली. निकेलचे संयुग वीज फारशी वाहून नेत नाही, म्हणून त्यात ग्रॅफाइटचे कण मिसळलेले असत. परंतु भारित होताना निकेलचा थर फुगे, उतरताना आक्रसे, आणि या फुगण्या-आक्रसण्यात ग्रॅफाइटशी असलेला त्याचा संपर्क तुटे. घटात सामग्री होती, पण ती कामी येत नव्हती.

या प्रसंगी एडिसनने जे केले, ते त्याच्या साऱ्या पेटंटांहून मोलाचे आहे, असे आमचे मत आहे. कारखाना चालू होता, गिऱ्हाइके होती, गुंतविलेला पैसा मोठा होता. थोडीफार डागडुजी करून विक्री चालू ठेवणे त्याला अशक्य नव्हते. त्याने उत्पादन थांबविले, सदोष घट परत घेतले आणि त्याचा भुर्दंड स्वतः सोसला. आपल्या नावाने विकलेली वस्तू आपल्या नावाला जागली पाहिजे, ही त्यामागची भावना होती. विक्री झाली की निर्मात्याचे कर्तव्य संपले, असे त्याने मानले नाही.

त्यानंतरची चार-पाच वर्षे ही खरी तपश्चर्या होय. वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत रसायनज्ञांचा ताफा रात्रंदिवस खपत होता. हजारो प्रयोग झाले. प्रत्येक प्रयोगाची नोंद वहीत होई, आणि निष्फळ प्रयोगाची नोंदही तितक्याच काळजीने ठेवली जाई. ग्रॅफाइटऐवजी शुद्ध निकेलचेच पत्रे वापरावयाचे ठरले. पण ते कागदाहून कितीतरी पातळ हवे होते. विजेच्या साह्याने तांब्याचा एक थर आणि निकेलचा एक थर असे एकावर एक थर चढवावयाचे, त्याचे बारीक तुकडे करावयाचे आणि मग तांबे विरघळवून टाकावयाचे, म्हणजे निकेलच्या अतिशय तलम पापुद्र्या उरतात, ही युक्ती साधली. पोलादी पत्र्याच्या, बारीक छिद्रे पाडलेल्या आणि निकेलचा मुलामा दिलेल्या नळ्या करून त्यांत निकेलचे संयुग आणि या पापुद्र्या यांचे शेकडो थर आलटून-पालटून ठासून भरण्यात आले. नळी फुगू नये म्हणून तिच्याभोवती पोलादी कडी बसविण्यात आली. डब्यांचे सांधे वितळवून एकजीव करण्यात आले. द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड घातले असता घटाची शक्ती वाढते, हेही याच काळात ध्यानात आले.

नवा घट तयार झाल्यावर त्याची परीक्षाही तशीच कठोर झाली. घट गाड्यांवर चढवून खडबडीत रस्त्यांवरून हिंडविण्यात आले, त्यांना यंत्राने सतत हादरे देण्यात आले, आणि प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यांवरून ते खाली टाकून पाहण्यात आले, असे चरित्रकार लिहितात. अखेर १९०९-१० च्या सुमारास हा सुधारलेला घट विक्रीस निघाला. एडिसन तेव्हा बासष्ट वर्षांचा होता.

या घटाची रचना आपण नीट समजावून घेतली पाहिजे. शिशाच्या घटात आम्ल स्वतःच क्रियेत भाग घेते. म्हणून घट उतरत जाईल तसे आम्ल पातळ होत जाते. एडिसनच्या घटात पोटॅशचे द्रावण केवळ वाहकाचे काम करते आणि जवळजवळ जसेच्या तसे राहते. भारित होताना पाण्याचा काही अंश वायुरूपाने निघून जातो, तेवढे ऊर्ध्वपातित पाणी वरून घालावे लागते. हवेतील कर्बवायू शोषून काही वर्षांनी द्रावण मंद होते, तेव्हा ते ओतून टाकून नवे भरता येते. घट लाकडी चौकटीत ओळीने बसविलेले असत. एखादा बिघडला तर तेवढाच काढून दुसरा बसविता येई. म्हणजे बॅटरी ही एक बंद पेटी नव्हती. तिचे अंतरंग समजणाऱ्या माणसाला ती उघडता येत होती, सुधारता येत होती आणि नवी करता येत होती. हे ध्यानात ठेवावे. आजच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

आता दैवाचा खेळ पाहा. ज्या गाड्यांसाठी हा सारा खटाटोप झाला, त्या गाड्याच मागे पडू लागल्या. हेन्री फोर्ड हा एडिसनचा भक्त आणि पुढे जिवलग मित्र. त्याने १९०८ साली पेट्रोलवर चालणारी स्वस्त मोटार बाजारात आणली. १९१२ साली चार्ल्स केटरिंगच्या विद्युत आरंभकामुळे पेट्रोलची गाडी हातांनी दांडा फिरवून चालू करण्याचा त्रासही संपला. त्या आरंभकाला क्षणभर पुष्कळ वीज लागते. तेवढा प्रवाह एकदम देणे शिशाच्या घटाला जमे, एडिसनच्या घटाला जमत नसे. शिवाय कडाक्याच्या थंडीत तो फार मंदावत असे. फोर्ड आणि एडिसन यांनी मिळून स्वस्त विजेची गाडी काढण्याचा विचार १९१४ च्या सुमारास केला, परंतु तो सिद्धीस गेला नाही.

तथापि दहा वर्षांचे श्रम वाया गेले नाहीत. ज्या ठिकाणी रोजच्या रोज, वर्षानुवर्षे, धक्के खात काम करावयाचे असते, त्या ठिकाणी या घटाला तोड नव्हती. आगगाडीच्या डब्यांतील दिवे, रेल्वेची सिग्नले, कारखान्यांतील मालवाहू गाड्या, खाणींतील छोटी इंजिने अशा अनेक ठिकाणी तो कामास लागला. खाणकामगाराच्या टोपीवरील विजेचा दिवा हे त्याचे सर्वांत उपकारक रूप म्हटले पाहिजे. उघड्या ज्योतीच्या दिव्याने खाणीतील वायू पेटून कित्येक कामगार प्राणास मुकत असत. कमरेला एडिसनचा घट आणि डोक्यावर विजेचा दिवा लावून खाणीत उतरण्याची सोय झाली, तेव्हा या संकटाचे एक मोठे कारण दूर झाले. ९ डिसेंबर १९१४ च्या रात्री वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला भीषण आग लागून अनेक इमारती बेचिराख झाल्या. रस्त्यापलीकडील घटांचा कारखाना मात्र बचावला. सदुसष्ट वर्षांच्या एडिसनने लगोलग पुनर्बांधणीस हात घातला.

या कथेला एक काळी किनारही आहे. शिशाच्या घटातील आम्लात समुद्राचे पाणी शिरले तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. म्हणून पाणबुडीसाठी एडिसनचा घट अधिक सुरक्षित ठरेल, अशी अपेक्षा होती. परंतु जानेवारी १९१६ मध्ये ब्रुकलिन येथील नौदलाच्या गोदीत ई-२ या पाणबुडीवर या घटांची चाचणी चालू असताना हायड्रोजन वायू साचून स्फोट झाला आणि त्यात माणसे दगावली. हा घट भारित होताना व उतरताना बाहेर पडणाऱ्या वायूला वाट करून देणे किती अगत्याचे आहे, हे या दुर्घटनेने शिकविले. विजेचा साठा मूक असतो, पण तो निरुपद्रवी नसतो, हे कोणत्याही बॅटरीला हात लावणाऱ्याने विसरू नये.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथील आपल्या घरी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, एडिसनने देह ठेवला. त्याच्या पश्चात घटांचा कारखाना चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. १९७२ साली तो एक्साइड कंपनीकडे गेला, आणि १९७५ साली तेथील निकेल-लोखंडाच्या घटांचे उत्पादन बंद झाले. उत्पादन बंद झाले, परंतु घट मेले नाहीत. द्रावण बदलून, पाणी घालून, बिघडलेला घट वगळून जुने संच लोकांनी पुढे कित्येक वर्षे वापरले. चीनमध्ये आणि इतरत्र या जातीचे घट नंतरही बनत राहिले आणि सूर्यापासून मिळविलेली वीज साठविण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ लागला. निर्माता गेला तरी वस्तू चालू राहते, कारण ती दुसऱ्याच्या हातांनी दुरुस्त होईल अशी घडविलेली असते.

आता आपण कार्यशाळेकडे वळू. १९६१ साली अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीने तारेवाचून चालणारे छिद्रे पाडण्याचे यंत्र, म्हणजे ड्रिल, बाजारात आणले. त्यात वापरलेले घट निकेल-कॅडमियमचे, म्हणजे युंगनरच्या वंशातील होते. पुढे अशी शेकडो प्रकारची हत्यारे निघाली. प्रत्येक कंपनीने आपली बॅटरीची पेटी निराळ्या आकाराची केली. एकीची दुसरीला बसत नाही. नमुना बंद झाला की त्याची पेटीही कालांतराने नाहीशी होते. परंतु बाहेरचे कवच निराळे असले तरी आतील घट बहुधा सर्वसामान्य मापाचेच असतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

गणित अगदी सोपे आहे. निकेल-कॅडमियमचा एक घट १.२ व्होल्ट दाब देतो. एडिसनच्या घटाचा दाबही तितकाच. तेव्हा १२ व्होल्टच्या हत्यारात असे दहा घट एकापुढे एक जोडलेले असतात, १४.४ व्होल्टच्या हत्यारात बारा आणि १८ व्होल्टच्या हत्यारात पंधरा. पुष्कळदा त्यांतील एक-दोन घटच आधी दुबळे होतात आणि सबंध ओळीला मागे खेचतात. जाणता कारागीर कवच उघडतो, घटांची मांडणी आणि धन-ऋण टोके कागदावर टिपून घेतो, आणि त्याच जातीचे, त्याच मापाचे, एकाच शक्तीचे नवे घट त्याच क्रमाने बसवितो. एकदोन घट बदलून जुन्या-नव्यांचे मिश्रण केले तर जुने लवकर बसतात व नव्यांनाही बिघडवितात, म्हणून तो सबंध संच बदलतो. घटांवर थेट डाख दिला तर उष्णतेने आतील पडदा बिघडतो. यासाठी निकेलच्या पट्ट्या ठिपक्यांच्या जोडाने बसविलेले घट घेणे बरे. पेटीत उष्णता ओळखणारा लहानसा भाग असेल तर तो पुन्हा घटाला चिकटूनच बसवावा लागतो, कारण चार्जर त्याच्याच सांगण्यावरून थांबतो.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. अलीकडची हत्यारे बहुधा लिथियम-आयन घटांवर चालतात. त्या घटाचा दाब ३.६ व्होल्टच्या आसपास असतो आणि त्याला भारित करण्याची रीत अगदी निराळी असते. निकेलच्या घटांसाठी केलेल्या चार्जरवर लिथियमचा घट लावल्यास तो पेट घेऊ शकतो. विद्यार्थ्यांनी अशी पेटी एकट्याने उघडू नये. शिक्षकांच्या अथवा माहीतगार कारागिराच्या देखरेखीखालीच हे काम करावे. काढलेले जुने घटही उकिरड्यावर फेकू नयेत. कॅडमियम हा विषारी धातू असून तो माती आणि पाणी यांना दूषित करतो; जुने घट गोळा करणाऱ्या केंद्राकडेच ते पोचविले पाहिजेत.

एडिसनने स्वेच्छेने जे केले, ते आता कायद्याने घडवून आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. भारत सरकारने २०२२ साली केलेल्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची योग्य व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या कायद्यात, काही अपवाद वगळता, लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता व बदलता यावी, आणि उपकरणाचा शेवटचा नग बाजारात आल्यावरही किमान पाच वर्षे ती सुटी मिळावी, अशी तरतूद आहे. ती फेब्रुवारी २०२७ पासून लागू होण्याची आहे. म्हणजे यंत्राने घटाबरोबर मरू नये, हा विचार शेवटी कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला.

परंतु कायदा अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे काम वस्तू वापरणाऱ्याचे आहे. एडिसनला औपचारिक शिक्षण फारसे मिळाले नाही. पण हाती आलेली प्रत्येक वस्तू आतून कशी आहे, हे जाणून घेतल्यावाचून त्याला चैन पडत नसे. तारायंत्राच्या कचेरीतील घटांची निगा राखणारा मुलगाच पुढे पोलादी घटाचा जनक झाला. आपल्या घरी किंवा शेजारच्या कारागिराकडे एखादे बंद पडलेले हत्यार धूळ खात असेल, तर ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी त्याचे नेमके काय बिघडले आहे, हे विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. त्याचे उत्तर पुष्कळदा दहा-बारा लहान घटांपुरतेच असते, आणि त्या उत्तराने एका कारागिराचा रोजगार वाचतो.